राहिलेलं कॉलेज, दुसऱ्या गावात



लग्नामुळे कॉलेज अर्ध्यावर सुटलेल्या मुली आपल्या समाजात आजही आहेत. 'आता या वयात नवीन कॉलेजात कुठे जायचं?' असं त्या विचारतात, तेव्हा मी माझंच सांगते.

सांगलीला एफ.वाय. बी.कॉम. झालं आणि १९८१ साली लग्न होऊन मी पुण्यात आले. पाच वर्षांनी, धाकटा बालवाडीत जायला लागल्यावर, पुन्हा नाव घालायचं ठरवलं. पण सांगली शिवाजी विद्यापीठात, पुण्याचं विद्यापीठ वेगळं. जुन्या कॉलेजचा दाखला, कोल्हापूरहून मायग्रेशन सर्टिफिकेट, मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र, हे जमवण्यात दोन महिने गेले. एका कॉलेजात तर "आता संसार सांभाळा, बाई" असं ऐकून घेतलं. दुसऱ्या कॉलेजनं प्रवेश दिला, पण पहिल्या वर्षाचा एक विषय पुन्हा द्यायला लावला. दिला!

वर्गातल्या मुली एकोणीसच्या, मी सव्वीसची. मला 'वहिनी' म्हणायच्या. सुरुवातीला मी मागच्या बाकावर गप्प बसे. एकदा तेरीज काही केल्या जुळेना, तेव्हा एकीनं शेजारी बसून फरक शोधून दिला. मी तिला आमच्या दुकानाची खरी रोजकीर्द दाखवली. तिथून मैत्री जमली.

कॉलेज सकाळी सातला. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, पोरांचं मी बघते." सकाळचं सामायिक त्यांनी दोन वर्षं दुपारी केलं. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या कारणांत दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणं हेही सांगितलं आहे. ते त्यांनी प्रवचनात ऐकलं आणि घरात पाळलं.

आता यूजीसीनं २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली आहे. तिथे जमा झालेले क्रेडिट साधारण सात वर्षं चालतात, कॉलेज बदललं तरी. नवीन कॉलेज त्यातले किती धरणार, हे मात्र प्रवेशाआधीच विचारावं. दाखला आणि सगळ्या गुणपत्रिका माहेरी न ठेवता सोबत आणाव्यात.

आणि सासवांनो, सुनेचं सामान लावताना ती फाईल माळ्यावर टाकू नका. हातात घ्या आणि तिला विचारा, "राहिलेलं कधी पूर्ण करतेस?"