समुपदेशकाची उमेदवारी

“आपण कोणता विषय शिकवितां?” सणसवाडीच्या शाळेंत आम्ही समुपदेशक म्हणून रुजू झालों, त्या दिवशीं एका पालकांनीं आम्हांस हा प्रश्न केला. “कोणताच नाहीं, आम्ही मुलांचें ऐकतों,” असें सांगतांच त्यांच्या मुद्रेवर उमटलेलें आश्चर्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

ऐकण्याची ही विद्या रीतसर शिकावी लागते. एन. सी. ई. आर. टी. च्या पदविकेंत सहा महिने स्वाध्याय, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग व तीन महिने आपल्या गांवीं अनुभव, अशी वांटणी आहे. आम्हींही कल-चाचण्या, संभाषणाच्या पद्धती, नोंदी ठेवण्याची रीत, सारें टिपून घेतलें होतें. वाटलें, तयारी पूर्ण झाली!

परंतु सणसवाडी हें पुणें-नगर रस्त्यावरील कारखान्यांचें गांव. दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेलीं कुटुंबें येथें एकेका खोलींत राहतात, आणि घरचें घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालतें.

आठवीच्या वर्गांतील एक मुलगा रोज तासाला झोपे. आम्हीं शिपायाबरोबर चिठ्ठी धाडून त्यास बोलाविलें. सारा वर्ग हंसला. मुलगा आला, खालीं मान घालून बसला आणि एक अक्षरही न बोलतां निघून गेला. पुढें महिनाभर आम्हांस पाहतांच तो वाट चुकवी. मूल समोर बसल्यावर कसें बोलावें, हें आम्हांस शिकविलें होतें. तें लाज न वाटतां समोर येऊन कसें बसेल, हें शिकविलें नव्हतें.

मग आम्हीं खोली सोडली. मधल्या सुटींत मैदानाच्या कडेस लिंबाखालीं बसूं लागलों. प्रथम धाकटीं मुलें जमलीं. कांहीं आठवड्यांनीं तोही आला. वडिलांची रात्रपाळी, ते दिवसा निजतात, म्हणून घरांत आवाज करावयाचा नाहीं. आई पहांटे कामावर जाते, म्हणून धाकट्या बहिणीचें सर्व त्यानेंच करावयाचें. अभ्यास करावयाचा तो रात्रीं, वडील गेल्यावर. ज्यास आम्ही आळस समजत होतों, तें ओझें होतें!

त्याच्या संमतीनें आम्ही मुख्याध्यापकांशीं बोललों. शाळा सुटल्यावर अभ्यासासाठीं एक वर्ग तासभर उघडा राहूं लागला. मुलगा अजूनही कधींकधीं पेंगतो. पण आतां त्यास कोणी हंसत नाहीं.

मग आमचें प्रशिक्षण व्यर्थ होतें काय? मुळींच नाहीं. उपदेशाची घाई न करणें, मुलाचें गुपित राखणें, आणि त्याच्या जिवास धोका असल्यास तें एकट्यानें उराशीं न बाळगतां योग्य ठिकाणीं कळविणें, हें आम्ही तेथेंच शिकलों. लैंगिक अत्याचार कळल्यास तो कळविणें तर सन २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें बंधनकारकच आहे.

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांस समुपदेशक नेमण्याविषयीं निर्देश दिले. या नव्या मंडळींस पहिलें वर्ष एखाद्या अनुभवी समुपदेशकाच्या हाताखालीं काढूं द्यावें, असें आम्हांस वाटतें. सुतारासही उमेदवारी करावी लागते. मग ज्याच्या हातीं मुलांचीं मनें, त्यास ती नको काय?

विद्यार्थिमित्रांनो, लिंबाखालची जागा रोज मोकळी आहे. आणि पालकहो, आपली पाळी कोणती, एवढें तरी शाळेस अवश्य कळवा.