नावाचे मोल

दोन शर्यतीच्या सायकली शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोहोंचे गिअर आणि ब्रेक जपानच्या शिमानो कंपनीचे, तेही एकाच श्रेणीचे. फ्रेम दोहोंची कार्बनची. किंमत मात्र एकीची दुसरीच्या दुपटीहून अधिक, कारण तिच्यावर इटालियन नाव आहे. आमच्या भाच्याने साठविलेले पैसे एकदाच खर्चता येण्याजोगे, म्हणून त्याने आमचे मत मागितले. वकिलाचे मत फुकट मागावे ते घरच्यांनीच!

या नावांमागे इतिहास आहे, हे आम्हांस मान्य आहे. एर्नेस्तो कोलनागोने १९५४ साली मिलानजवळच्या कांबियागो गावी आपली कार्यशाळा थाटली, ती खऱ्या कारागिराची होती. पण आज युरोपीय नावांच्या कितीतरी कार्बन फ्रेमी तैवान आणि चीन येथे घडतात. तैवानची जायंट कंपनी १९७२ साली निघाली, ती प्रथम परक्या नावांच्याच सायकली करीत असे. आमच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याला यात फसवणूक दिसत नाही. मालाशी व्यापारी नाते कोणाचे, इतकेच चिन्हाने सांगावयाचे. कोणत्या गावी कोणत्या हातांनी घडविले, हे सांगण्याचे ओझे त्याच्यावर नाही. ग्राहक मात्र नाव वाचून लोंबार्दीतला म्हातारा कारागीर डोळ्यांपुढे आणतो आणि त्याची मजुरी चुकती करतो.

विक्रेता वजन पुढे करतो. स्वार, सायकल व पाणी मिळून ऐंशी किलो धरले, तर किलोभर हलक्या सायकलीने तासाभराच्या चढणीत फार तर पाऊण मिनिट वाचेल. चोर्ल्याच्या घाटात तेवढा वेळ तर माकडे पाहण्यातच जातो! सपाटीवर वेग वाढला की खरा प्रतिपक्षी वारा, आणि त्याला अडते ते मुख्यतः स्वाराचेच अंग.

नावाच्या बाजूने एक पुरावा मात्र भक्कम आहे. कार्बनला आत गेलेला तडा पुष्कळदा बाहेरून दिसत नाही, आणि उतारावर फ्रेम मोडली तर प्रश्न जिवाचा असतो. अशा वेळी लेखी हमी देणारा, उत्तरदायी कोणी असावा. म्हणून निनावी फ्रेम स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे आम्ही भाच्यास निक्षून सांगितले. परंतु अशी हमी जायंटसारखे मध्यम किमतीचे निर्मातेही देतात. तिच्यासाठी दुप्पट मोजण्याचे कारण नाही. उरलेल्या पैशांतून आधी सायकल अंगाला नीट बेतून घ्यावी, मग चांगले टायर.