आभाळावरचे डाग

ओली फिल्म बाथरूमच्या दिव्यासमोर धरली आणि पोटात कालवलं. मेणवलीचा घाट जसाच्या तसा उतरला होता. पायऱ्यांची वळणं, कृष्णेचं संथ पाणी, सगळं होतं. पण वरच्या आभाळात सात ठिपके. निगेटिव्हमध्ये आभाळ काळं असतं, आणि त्या काळ्यावर हे खसखशीएवढे, फिकट. प्रिंटवर तेच काळे होणार आणि घाटाच्या आधी नजर तिथेच जाणार.

चार बाय पाच इंचांच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या एका पानावर एकच चित्र मावतं. त्यासाठी अंधारात घर सोडायचं, तिकाटणं रोवायचं, डोक्यावर काळं फडकं घेऊन काचेवरचा उलटा घाट न्याहाळायचा. एवढं करून आलेल्या पानावर डाग पडला तरी मी ते बाजूला टाकत नाही. डाग आधी वाचायचा.

त्याची बाराखडी सोपी आहे. निगेटिव्हवर नको तिथे काळं दिसलं, तर तिथे उजेड तरी जास्त पोचला किंवा डेव्हलपर तरी. नको तिथे पारदर्शक दिसलं, तर दोघांपैकी कुणीतरी कमी पडलं. बाकीचं आकार आणि जागा सांगतात.

भिंग लावलं. फिल्मवर धूळ बसली असती तर तिथे उजेडच पोचला नसता. डाग वेडावाकडा, कधी धाग्यासारखा, पण काचेसारखा स्वच्छ निघाला असता. माझे सातही ठिपके गोल होते आणि त्यांच्या आत किंचित करडेपणा होता. म्हणजे उजेड पोचला होता, डेव्हलपर उशिरा आला. हवेचे बुडबुडे.

मग कारण आठवलं. एप्रिल महिना, नळाचं पाणी तिशीच्या पुढे. डेव्हलपर २० अंशांवर आणायला मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून बाटलीशेजारी ठेवला होता. एरवी फिल्म आधी दोन-तीन मिनिटं त्याच तापमानाच्या साध्या पाण्यात भिजवतो. त्यात ती सगळीकडून ओली होते आणि हवा सुटते. त्या दिवशी त्या पाण्यापुरता बर्फ उरला नव्हता. कोरडी फिल्म थेट ट्रेमध्ये गेली. फ्रीजमधला बर्फाचा एक रिकामा ट्रे असा मेणवलीच्या आभाळात उमटला.

कोमट पाण्यात भिजवून मग थंड डेव्हलपरमध्ये टाकायलाही मन धजत नाही. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. उष्ण पाण्यात तो फुगून मऊ होतो, नख लागलं तरी ओरखडा पडतो, आणि तापमानाचा मोठा झटका बसला तर त्यावर सुरकुत्यांची बारीक जाळी उठते. उन्हाळ्यात काम करणारे जुने फोटोग्राफर हायपोत, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालत, ती हा थर कडक व्हावा म्हणून.

एकदा एका कडेला काळा धूर पसरल्यासारखा डाग आला होता. तेव्हा मी आधी फिल्मची किनार पाहिली. फिल्म ज्यात भरतात त्या होल्डरच्या पट्ट्यांखाली दबलेली ती अरुंद किनार कोरी राहायला हवी. धूर तिथेही पसरला असता तर दोष दाराखालच्या फटीचा, फिल्म भरताना किंवा काढताना आत आलेल्या उजेडाचा. पण तो किनारीपाशी सरळ रेषेत थांबला होता. म्हणजे फिल्म होल्डरमध्ये, कॅमेऱ्यात असतानाच उजेड शिरला. रात्री खोली अंधारी करून कॅमेऱ्याच्या भात्यात बॅटरी पेटवून ठेवली, तर एका घडीच्या कोपऱ्यात चांदणी चमकली. सुईच्या टोकाएवढं भोक. ते दिसल्यावर जो जीव शांत झाला, तो नवा भाता आणूनही झाला नसता.

दुधाळ दिसणारी फिल्म बहुतेक वेळा थकलेल्या हायपोची तक्रार असते. ताज्या हायपोत पुन्हा घातली की निवळते. ठिपक्यांना असा उतारा नाही.

पण होल्डरला दोन बाजू असतात, प्रत्येकीत एक पान. घाटावर मी दुसरी बाजूही उघडली होती, दोन-तीन मिनिटांनी, आणि ते पान मुद्दाम मागे ठेवलं होतं. काल रात्री आधी तीन पिशव्या बर्फ केला. आज सगळं पाणी आणि रसायनं एका तापमानावर आणली, दिवा घालवला. फिल्मच्या कडेची खाच बोटाने चाचपली; उभ्या फिल्मच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात खाच आली की इमल्शनचा थर आपल्याकडे. पान पाण्यात सोडलं, ट्रेचा कोपरा हलकेच उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. अंधारात पाण्याचा चुळूक-चुळूक आवाज येत राहिला. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने स्टीलच्या पेल्यावर उमटतात तशी पांढरी वर्तुळं फिल्मवरही उमटतात.

आभाळ निर्मळ आलं आहे. त्या दोन-तीन मिनिटांत मात्र ऊन पायऱ्यांवर उतरलं होतं, आणि खालच्या पायरीवर एक बाई धुणं घेऊन आली होती. तिचा आपटणारा हात नुसता धूसर पट्टा झाला आहे. मी तिला तेव्हा पाहिलंच नव्हतं. फिल्म अजून दोरीवर, एका कोपऱ्याने टांगलेली आहे, आणि तिच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबतो आहे.