खाज एक, रोग दोन

आमचा कुत्रा शेरू सहा-सात महिन्यांचा असताना ऐन पावसाळ्यात त्याच्या कानामागचे केस झडले आणि रुपयाएवढा, कोंडा धरलेला गोल डाग दिसू लागला. पाठोपाठ नाकाजवळ दुसरा. शिवाय शेपटीच्या मुळाशी कुरतडून कुरतडून त्यानं कातडी लाल केली होती. शेजारच्या काकांचं मत पडलं, ‘गजकर्ण आहे, जळकं ऑइल चोपडा.’ कुणी माणसांचं मलम सुचवलं. पण शेरू लावलेलं सगळं चाटणार, म्हणून आम्ही त्याला सरळ चिपळूणला पशुवैद्यांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी बारीक दातांच्या फणीनं शेपटीजवळचे केस विंचरले. निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवताच कापूस तांबूस झाला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ‘खाज यांची आहे,’ ते म्हणाले, ‘गजकर्णानं कुत्र्याला बहुधा फारशी खाज सुटत नाही.’ मग डागाची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे दिसले नाहीत. खोलीत अंधार करून वूड्स लँप, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला, तेव्हा डागाच्या कडेचे केस हिरवट चमकले. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी अशी चमकते, पण गजकर्णाच्या सगळ्याच बुरशा चमकत नाहीत. म्हणून केस उपटून कल्चरलाही पाठवले. त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात.

आमच्या मनी मांजरीच्या अंगावर एकही डाग नव्हता. तरी नव्या टूथब्रशनं तिचं अंग विंचरून तो ब्रश तपासायला दिला, आणि बुरशी तिच्यातही निघाली. मांजरं काही लक्षण न दाखवता ही बुरशी वागवतात, हे तेव्हा समजलं.

शेरूला इट्राकोनॅझोल पोटातून आणि आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू सुरू झाला. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा, तरच गुण येतो. ती दहा मिनिटं त्याला गोंजारत धरून ठेवणं हे माझं काम. मनीचे उपचार वेगळे. पिसवांचं औषधही दोघांना वेगळं, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरांच्या जिवावर बेततं.

खरी मेहनत घरात होती. झडलेल्या केसांवर ही बुरशी दीड वर्षापर्यंत तग धरते. त्यामुळे रोज केर काढून, ओल्या फडक्यानं पुसून, मग पातळ केलेल्या ब्लीचनं फरशी धुवायची. अंथरुणं वेगळी धुऊन कडक वाळवायची. पुतणीच्या दंडावर चट्टा उठला तेव्हा तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. दुकानातल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमानं लाली दबते, पण बुरशी आत पसरत राहते, असं त्यांनी बजावलं.

शेरूचे केस लवकर भरून आले, खाज तर पिसवा गेल्या तशी थांबली. औषध मात्र कल्चरमध्ये बुरशी उगवेनाशी होईपर्यंत चालू ठेवलं. पुतणीचा चट्टाही गेला.

तुमचं जनावर खाजवत असेल, तर डागावर हाताला येईल ते चोपडू नका. आधी तपासून घ्या, घरातल्या प्रत्येक जनावराला दाखवा, आणि नुसते केस आले म्हणून उपचार सोडू नका.