मेहेरबानी आणि नियम

जगांत माणसाला 'नाहीं' म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. पण आपल्याच हातानें जोडलेलें यंत्र जेव्हां 'परवानगी नाहीं' असें उलट उत्तर करतें, तेव्हां त्या नकाराची चव कांहीं निराळीच लागते.

आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी रेवदंड्याच्या खाडीच्या पाण्याचें उष्णमान मोजतात. आर्ड्युइनो नांवाच्या तळहाताएवढ्या बोर्डाला तापमापक जोडावयाचा, बोर्ड यू.एस.बी.च्या तारेनें विभागाच्या लॅपटॉपला जोडावयाचा, आणि धक्क्यावर बसून आंकडे टिपावयाचे. हा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. तेथें जोडलेलें उपकरण एखाद्या फाइलीच्या रूपानें प्रगट होतें, आणि फाइलीवरील हक्क तिघांत वांटलेले असतात: मालक, गट आणि इतर. उपकरणाचा मालक 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. विद्यार्थी बापडे 'इतरां'त.

यावर एक सोपा उपाय आहे. सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द जाणणाऱ्यानें यावें आणि एका आज्ञेनें त्या फाइलीचें दार सर्वांस मोकळें करावें. मात्र तार उपसून पुन्हां जोडली कीं ती फाइल नव्यानें जन्मास येते, आणि मागचें सारें औदार्य विसरलेली असते! एका कोळ्याच्या मुलीनें मला एकदां सरळच विचारलें, "सर, भरती काही आमच्यासाठी थांबत नाही. दर वेळी तुम्हांला बोलवायचं कुठून?"

तिचा प्रश्न माझ्या मनांत बरेच दिवस घोळत राहिला. लहानपणीं आमच्या घरीं कोठीच्या किल्ल्या आजीच्या कमरेला असत. गुळाचा खडा मागितला तर ती हटकून देई. पण दर वेळीं मागावा लागे. मागून मिळालेल्या वस्तूंत गोडी असते खरी, परंतु मागण्याची संवय जडली म्हणजे माणसाचा कणा वांकतो. म्हणून सगळा जुडगाच मुलांच्या हातीं द्यावा काय? तेंही शहाणपणाचें नव्हे. सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें दिलेली एक चुकीची आज्ञा सगळी तबकडी पुसून टाकूं शकते.

लिनक्स रचणाऱ्यांनीं मधला मार्ग काढून ठेवला आहे. उबंटू किंवा डेबियन यांत अशा बोर्डांचा गट 'डायलआउट' नांवाचा असतो. टेलिफोनवरून संगणक जोडीत त्या काळाची ही खूण. विद्यार्थ्याचें नांव त्या गटांत घातलें कीं पुढच्या प्रवेशापासून त्याला बोर्ड वापरतां येतो. इतर उपकरणांसाठीं 'यूडेव्ह'चा एका ओळीचा नियम लिहितात: अमुक उत्पादक क्रमांकाचें, अमुक वस्तु क्रमांकाचें उपकरण आलें कीं तें अमुक गटाच्या स्वाधीन करावें. त्याच नियमांत 'यूॲक्सेस' ही खूण घातली, तर जो प्रत्यक्ष यंत्रापुढें बसला असेल त्यालाच हक्क मिळतो, आणि तो उठून गेला कीं हक्कही जातो. हुद्दा कोणाचा, हें कोणी विचारीत नाहीं.

अशा नियमाचा नमुना पाहावयास अलिबागकरांना दूर जावें लागत नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला पर्याय शोधावा लागला, आणि १९०४ सालीं येथील वेधशाळा सुरू झाली. तिचीं वेधगृहें चुंबकत्व नसलेल्या दगडाचीं बांधलीं. चुंबकसूचीजवळ लोखंड आणण्याची बंदी साहेबाला आणि शिपायाला सारखीच, कारण चुंबकसूचीला माणसाचा दर्जा कळत नाहीं. कारण ठाऊक असलेली बंदी माणसाला हीन करीत नाहीं.

आमच्या शाळा-कॉलेजांतून मात्र कित्येक सूक्ष्मदर्शक यंत्रें काचेच्या कपाटांत जन्म काढतात, आणि किल्ली कोणाकडे आहे हें शोधण्यांत मुलांचा तास सरतो. किल्लीवाल्याला त्यांत एक सुख असतें. लोक त्याला शोधीत येतात, आर्जवें करतात, आभार मानतात. नियम लिहिणाऱ्याच्या वांट्याला यांतलें कांहींच येत नाहीं. त्यानें एक ओळ लिहावी आणि विसरलें जावें. शिक्षकाच्या धंद्यांत असें विसरलें जाणें हीच खरी कमाई, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.