आधी ओव्या, मग दुरुस्ती

कॉम्प्युटर स्लो झाला की आपल्याकडे पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा घरातल्या पोरांच्या गेमवर आणि तिसरा रॅमवर. हार्ड डिस्कचं नाव सहसा कुणी घेत नाही. ती डब्यात बंद असते, दिसत नाही, आणि अनेकदा मरायला टेकेपर्यंत तक्रारही करत नाही. माझ्या मामूंच्या कॉम्प्युटरचं तेच झालं होतं.

मामू जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. मिरज तालुक्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुसलमान बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डरवर जमा केल्या. घरात दखनी बोलणाऱ्या या बायका जात्यावर बसल्या की मराठीत गायच्या. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला कधी वाटलं नाही. एकूण ४८ कॅसेट, प्रत्येकी एक तासाची. निवृत्तीनंतर मामूंनी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि ऐकून ऐकून टाइप करायला बसले. पेजमेकर आणि श्रीलिपी. तेवीस प्रकरणं झाली होती. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आता हयात नाहीत.

मग कॉम्प्युटर सुरू व्हायला बारा-तेरा मिनिटं लागायला लागली. मुमानी म्हणायच्या, "बटण दाबून दूध तापवायला ठेवते. दूध उतू जातं, ओटा पुसून होतो, तरी याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच." ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निदान केलं होतं: विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये. मामूंनी मला विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, "मामू, मी येईपर्यंत तो बंद ठेवा. आणि कुणालाही काहीही मारू देऊ नका."

आता निदानाविषयी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली म्हणजे ती मरतेय असं नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर विंडोज १० टाकलं की अपडेट, इंडेक्सिंग, अँटीव्हायरस मिळून तिला तासभर दमवू शकतात. तो थकवा असतो, आजार नव्हे. पाहायचं असतं ते खालच्या दोन आकड्यांकडे. सेकंदाला किती डेटा येतोय आणि प्रतिसादाला किती वेळ लागतोय. मामूंच्या मशीनवर प्रोसेसर ४ टक्के, रॅम निम्मी मोकळी, डिस्क १०० टक्के, आणि डेटा मात्र सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा नाही. प्रतिसादाची वेळ ४,००० मिलिसेकंदांच्या पुढे. धडधाकट डिस्कला एक तुकडा शोधून आणायला साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात.

हे चार सेकंद जातात कुठे? मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. चार सेकंदांत ४८० फेरे. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही, पुन्हा फेरा येऊ देते, वाचायचं डोकं जरासं सरकवून पाहते, पुन्हा वाचते. तोवर विंडोज ताटकळत बसतं आणि आपण म्हणतो स्लो झाला. मामूंना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अक्षर लागत नाही म्हणून पोरगं त्याच ओळीवर बोट ठेवून बसलंय." शिक्षकाला शिकवायला काही उरत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक ७ ची नोंद रांगेनं होती, म्हणजे खराब ब्लॉक. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. पिवळा रंग. त्यात इतके आकडे असतात की माणूस घाबरतो, पण कामाचे चारच. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे तपासणीतही न वाचलेले, आणि सी७ म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा, ज्याचा दोष बहुधा केबलचा असतो. मामूंचा सी७ शून्य होता. केबल बदलून भागलं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. सी५ समोर बी८ लिहिलं होतं. हे आकडे सोळाच्या पाढ्यातले असतात. बी८ म्हणजे १८४.

१८४ हा मोठा आकडा आहे का? गुगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. पहिला स्कॅन-दोष दिसल्यानंतर साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकींनी महत्त्वाच्या चार लक्षणांतलं एकही दाखवलं नव्हतं. म्हणजे पिवळा रंग दिसला तर तो मानायचा, आणि निळा दिसला तरी निर्धास्त व्हायचं नाही. मामूंची डिस्क निदान बोलली तरी.

इथे बहुतेक जण दुरुस्तीला लागतात. डीफ्रॅग करतात, चेकडिस्क लावतात, नाहीतर फॉरमॅट. डीफ्रॅग म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला घर आवरायला लावणं. चेकडिस्कचा '/आर' पर्याय सगळी डिस्क वाचत सुटतो, वर फाइलींच्या नोंदींत स्वतः बदल करतो. डिस्क सशक्त असेल तर ठीक. जिचे शेवटचे काही तास उरलेत, तिचे ते तास यात का घालवायचे? डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला एका शेजाऱ्यानं दिलाच. आत दव धरतं, एवढं सांगून मी चहा घेतला. टकटक आवाज येत असता तर मी स्वतःही काही केलं नसतं. बंद करून डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवली असती. पण आवाज नव्हता.

बॅकअप होता का? होता. पेनड्राइव्हवर. त्यात मामूंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते, दोनदा.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, नवी एक टीबीची डिस्क जोडली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं. मामूंचं म्हणणं होतं, ओव्यांचा फोल्डर तेवढा आधी कॉपी कर. ३० जीबीचाच तर आहे. मोह मलाही झाला. पण साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरवर अडते, आणि फोल्डर शोधताना डोकं तबकडीभर धावत राहतं. डीडीरेस्क्यू सरळ रेषेत जातं, अडलं की पुढे उडी मारतं, राहिलेल्या जागेची नोंद एका फाइलीत ठेवतं, आणि सोपं सगळं पदरात पडल्यावरच त्या जागांकडे परत येतं. वीज गेली तर नोंदीवरून पुढे सुरू. वीज दोनदा गेलीच.

एकोणीस तास. टेबलफॅन डिस्कवर लावलेला, आम्ही उकाड्यात. मामू दर तासाला येऊन विचारायचे, "कितवं पान?" शेवटी ५०० जीबीपैकी १.७ एमबी वाचता आलं नाही.

एवढ्याशा भोकानं काय बिघडतं, हे ते कुठे पडलंय त्यावर ठरतं. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. ४,०९६ बाइटचा सेक्टर गेला तर २३ मिलिसेकंदांचा आवाज जातो, एक बारीकशी टिक. जात्याच्या घरघरीत ती ऐकूही येत नाही. पेजमेकरची फाइल मात्र एवढंही सोसत नाही. तेवीसपैकी दोन प्रकरणं उघडलीच नाहीत. उरलेली एकवीस आम्ही आता युनिकोडमध्ये आणतोय, कारण तो फॉन्ट नसला की वाचलेली फाइलसुद्धा नुसता कचरा दिसते.

ती दोन प्रकरणं मामू पुन्हा ऐकून लिहितायत. कानाला आता कमी येतं, म्हणून मुमानी शेजारी बसून शब्द सांगतात. त्यांच्या माहेरच्याही दोघी-तिघी त्यात गायल्यात. एका ठिकाणी खराब सेक्टर सलग आलेत आणि अर्धा सेकंद गेलाय, नेमका एका गावाच्या नावावर. मुमानी म्हणतात सलगरे, मामू म्हणतात बेडग. कॅसेट नंबर ३१ ट्रंकेत सापडली आहे. टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट मात्र विरघळून चिकटलाय. मिरजेत मिळाला नाही, सांगलीत एकानं सोमवारी यायला सांगितलंय.