घोड्यांची वाट आणि आपली पाखाडी

मेनोर्काचे फोटो कधी टाकतोस, असं गेले आठ दिवस जो भेटेल तो विचारतोय. टाकतो. पण आधी हे वाचा, कारण येत्या ग्रामसभेत याचा उपयोग होणार आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, डॉक्टर, वकीलसाहेब आणि जर्मनीत स्थायिक झालेला आमचा शाळेतला मित्र. मुंबईहून विमानाने बार्सिलोना, तिथून रात्रीची बोट, सकाळी भूमध्य समुद्रातल्या या बेटावर. मेनोर्का स्पेनचं. लांबी पन्नासेक किलोमीटर, क्षेत्रफळ ७०० चौरस किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात उंच डोंगर मोंते तोरो, तोही ३५८ मीटर. म्हणजे आपल्याकडे त्याला डोंगर म्हणणार नाहीत. सायकली तिथेच भाड्याने घेतल्या. ग्रॅव्हल सायकल म्हणजे हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड. डांबरावरही पळते आणि खडीवरही. आपल्या सड्यावरून जाणाऱ्या जांभ्याच्या रस्त्यांना हीच सायकल हवी, पण तो विषय वेगळा.

बेटाभोवती किनाऱ्याकिनाऱ्याने १८५ किलोमीटरची एक वाट आहे. 'कामी दे कावाय्स', शब्दशः घोड्यांची वाट. चाच्यांपासून बेटाचं रक्षण करायचं म्हणून घोडेस्वारांनी किनाऱ्यावर गस्त घालायची, टेहळणीचे बुरुज एकमेकांना जोडलेले ठेवायचे, त्यासाठी ही वाट शेकडो वर्षं वापरात होती. आज तिचे २० टप्पे आहेत, थोड्या थोड्या अंतरावर लाकडी खुंट रोवलेले आहेत, आणि पायी, घोड्यावर किंवा सायकलवर कोणीही जाऊ शकतो. तिकीट नाही, पास नाही, 'कुठून आलात' विचारणारा वॉचमन नाही.

माओ शहरातून निघालो तो पहिला दिवस एस ग्राउच्या पाणथळीपर्यंत आणि पुढे फावारिच्या दीपस्तंभापर्यंत. तिथली जमीन काळी, पाटीच्या दगडाची, झाड म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, चंद्रावर आल्यासारखं वाटतंय. मला मात्र वाटेत दुसरंच काही दिसत होतं. गडगे! शेत म्हटलं की चारी बाजूंनी गडगा. माती नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेला, हुबेहूब आपल्या बागांच्या कडेला असतो तसा. फरक इतकाच की त्यांचा दगड पांढरा-करडा आणि आपला तांबडा. असा कोरडा गडगा रचण्याची कला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. स्पेनसह युरोपातल्या आठ देशांच्या नावावर. आपल्याकडे गडगा रचणारे गडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि आपण चिऱ्याचं कंपाउंड घालून वर काचा लावतोय.

गडग्यात जिथे वाट शिरते तिथे फाटक. रानटी ऑलिव्हच्या वाकड्यातिकड्या लाकडाचं, अगदी आपलं बेडंच. ढकलायचं, सायकल आत घ्यायची, फाटक परत लावायचं. दिवसातून किती वेळा हे केलं त्याला हिशोब नाही. जर्मनीवाला कंटाळून म्हणाला, अरे सायकल चालवायला आलोय की दारं उघडायला?

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी (उत्तरेकडे वारा इतका की दिवसांची गणती सुटली होती) अशाच एका फाटकाशी एक म्हातारा शेतकरी भेटला. पलीकडे त्याच्या गाई. तिथे गाई पुष्कळ, माओचं चीज प्रसिद्ध आहे ते त्यांच्याच दुधाचं. जर्मनीवाल्याला कामापुरतं स्पॅनिश येतं. वकीलसाहेबांना राहवेना, त्यांनी विचारायला लावलं की बाबा, तुमच्या जमिनीतून ही सगळी दुनिया जाते, तुम्हाला चालतं का? म्हातारा म्हणाला, वाट माझ्या आजोबांच्याही आधीची आहे, माझी कशी होईल? मग बोट आमच्याकडे करून म्हणाला, पण तुम्ही लोक फाटक उघडं टाकता आणि गाई मला शोधाव्या लागतात. हे दुसरं वाक्य त्याने दोनदा ऐकवलं.

आता मुद्द्यावर येतो. ही वाट आपोआप राहिलेली नाही. घोडेस्वारांची गरज संपल्यावर ती मोडकळीला आली. जमिनी खाजगी होत्या, किनाऱ्याला भाव आला, आणि एकेका मालकाने आपापल्या हद्दीत फाटकाला कुलूप घातलं. पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेने लोक समुद्रावर जात होते ती तुकड्यातुकड्याने बंद झाली. वाचताना काही आठवतंय ना? स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. शेवटी डिसेंबर २००० मध्ये बालेआरिक बेटांच्या संसदेने फक्त या एका वाटेसाठी स्वतंत्र कायदा केला. जमीन मालकाचीच राहिली, पण तिच्यातून जाण्याचा हक्क सार्वजनिक झाला. वाटेची देखभाल बेटाच्या परिषदेकडे. कायदा झाल्यावरही सगळी वाट जोडून खुली व्हायला २०१० उजाडलं. म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षं. आपल्याकडे दोन तारखा पडल्या की लोक म्हणतात, जाऊ दे, काही होत नाही.

वर स्पेनचा किनारा कायदा आहे, १९८८ चा. पुळण सार्वजनिक मालकीची. किनाऱ्यालगत सहा मीटरचा पट्टा लोकांना चालण्यासाठी मोकळा ठेवायचा, आणि साधारण १०० मीटरच्या आत नवीन घरं बांधायची नाहीत. त्यालाही पळवाटा आहेत, २०१३ च्या दुरुस्तीने किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांना भरपूर मुदत वाढवून दिली. तेव्हा तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाहीये. उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या लहान पुळणींवर पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही ऑक्टोबरात गेलो म्हणून निभावलं. पर्यटकांकडून दर रात्री माणशी कर घेतात, २०१६ पासून, आणि मला तो देताना अजिबात जड गेलं नाही.

बाकी सफर थोडक्यात. फोर्नेल्सच्या खाडीत मासेमारी होड्या बघून जीव हरखला. तिथला लॉबस्टरचा रस्सा प्रसिद्ध आहे, पण भाव बघून आम्ही तळलेल्या माशांवर भागवलं. कावायेरियाची तांबूस वाळू. त्यापुढचा उत्तर किनारा सायकलवाल्यांसाठी नाही, पायऱ्या आणि सुटे दगड, अर्धा वेळ सायकल खांद्यावर. तो टप्पा सोडून आतल्या रस्त्याने सिउतादेया गाठलं. परतीला केनचा रस्ता. १८व्या शतकात बेट इंग्रजांकडे असताना रिचर्ड केन नावाच्या गव्हर्नरने माओ ते सिउतादेया असा बांधलेला. त्याचा काही भाग अजून आहे, दोन्हीकडे गडगे, मोटारी फार नाहीत. असा रस्ता सायकलवाल्याला जन्मात एकदा मिळावा. तिथल्या लोकांच्या पायात चामड्याच्या चपला असतात, तळ टायरचा. डॉक्टरांनी कोल्हापुरी सोडून त्या घेतल्या, घरी काय ऐकावं लागलं ते त्यांनाच विचारा.

एक गोष्ट राहिली. पुळणीवर सुकलेल्या समुद्री गवताचे ढीग होते. डॉक्टर म्हणाले, एवढे पर्यटक येतात तर साफ का नाही करत? ते पोसिडोनिया गवत. हिवाळ्यातल्या लाटांत वाळू वाहून जाऊ नये म्हणून ते तिथेच राहू देतात. आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की पहिला जेसीबी येतो.

तर आपली पाखाडी. वरच्या वाडीतून आगरात आणि तिथून पुळणीवर उतरणारी. चिऱ्याच्या पायऱ्या आहेत, मधल्या काही झिजून खोलगट झाल्यात इतक्या जुन्या. मे महिन्यात तिथे लोखंडी गेट लागलं आणि 'खाजगी मालमत्ता' असा बोर्ड आला. नवीन मालक कोण, हे मी इथे लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. आता मासळी घेऊन येणाऱ्या बायका डांबरी रस्त्याने वळसा घालून चढतात, डोक्यावर टोपली घेऊन, आणि आगरात शिंपणं करायला जाणाऱ्यांना फोन करून वॉचमनची विनवणी करावी लागते.

मी मालकाच्या विरुद्ध नाही. त्याने पैसे मोजून जागा घेतली आहे. रात्री दारू पिऊन बाटल्या फोडणारी पोरं आपल्यातलीच आहेत, आणि त्या म्हाताऱ्याच्या गाईंसारखं त्याचंही काही नुकसान होत असेल. त्याला कुंपण हवं तर घालू दे, पाखाडीच्या दोन्ही बाजूंनी घालू दे. पाखाडीवर नको.

वकीलसाहेबांनी बोटीतच मला कायदा समजावला, तो सोप्या भाषेत सांगतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेताकडे, बागायतीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करण्याचा आदेश देऊ शकतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. गेट मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागलं. महिने मोजा. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आपल्या हातात आहे, त्यानंतर हे दार बंद, मग दिवाणी कोर्ट आणि आपली नातवंडं.

अर्ज आगरात ज्यांची कलमं किंवा माड आहेत त्यांनी करायचा. 'पुळणीवर फिरायला वाट हवी' असं लिहू नका, 'बागेत जायची वहिवाट अडवली' असं लिहा, कारण तेच खरं आहे आणि कायद्यात तेच बसतं. पुळणीवर जाण्याचा प्रश्न ग्रामसभेत ठराव करून वेगळा लढायचा. आपापला सातबारा काढून ठेवा. गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेखमधून मी मागवली आहे. नकाशावर पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. आपली पाखाडी तिथे असेल तर उत्तम, नसेल तर वहिवाट साक्षीदारांनी सिद्ध करावी लागेल. म्हणून साठीच्या पुढची जी माणसं त्या पायऱ्यांवरून आयुष्यभर गेली-आली त्यांचे जबाब हवेत. किती साली लग्न होऊन आलात, पाणी कुठून आणत होता, गणपती विसर्जनाला कुठल्या वाटेने नेत होता, सगळं सांगा.

ग्रामसभा रविवारी सकाळी दहाला, शाळेत. अर्ज द्यायला गुरुवारी अकरा वाजता तहसील कचेरी. माझ्या गाडीत चार जागा आहेत, डॉक्टरांच्या गाडीत चार. मुंबईवाल्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आज रात्रीच फोन करून सांगा. आणि खालच्या वाडीतल्या आजींना कोणीतरी नऊपर्यंत तयार ठेवा, त्यांना कचेरीचा जिना चढवत नाही, खुर्ची मी घेऊन येतो.